पांढरा कुठे थांबला?

मी बिलियर्ड्स शिकायला लागलो तेव्हा क्लबात एक वयस्कर मार्कर होते. गुण मांडायचे, टेबलावरून ब्रश फिरवायचे, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टिपा बदलून द्यायचे आणि कोणी विचारलंच तर दोन गोष्टी सांगायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. एखादा लांबचा लाल पॉट झाला, म्हणजे पॉकेटमध्ये गेला, की शाबासकीच्या आशेने त्यांच्याकडे बघायचो. काकांचा प्रश्न ठरलेला असे, "पांढरा कुठे थांबला?" पांढरा म्हणजे क्यूने मारायचा बॉल, आणि बहुतेक वेळा तो अशा जागी जाऊन बसलेला असायचा, की पुढे खेळायला काही उरलेलंच नसायचं.

आज पूल पार्लरमध्ये मुलं-मुली मोठ्या हौसेने खेळताना दिसतात. बरं वाटतं. पण वर्ष-दोन वर्षं खेळूनही खेळ जागचा हलत नाही, म्हणून यातली बरीच मंडळी कंटाळून सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मेहनत कमी पडत नाही. आड येतात ते ऐकीव समज, आणि त्यातले बरेचसे काकांच्या त्या प्रश्नापाशी येऊन थांबतात.

"पूल, स्नूकर, बिलियर्ड्स सगळं एकच"

क्यू एकच, खेळ तीन. बिलियर्ड्सला 12 फुटी टेबल आणि फक्त तीन बॉल लागतात. आपला बॉल दुसऱ्या दोन्ही बॉलना लागला की कॅनन, त्याचे 2 गुण. लाल पॉट केला किंवा लालला लागून आपला बॉल पॉकेटमध्ये गेला, म्हणजे इन-ऑफ झाला, की 3. तेच प्रतिस्पर्ध्याच्या बॉलवर केलं की 2. स्नूकर त्याच टेबलावर 22 बॉलनी खेळतात, आणि तो जन्मला आपल्याकडेच, 1875 साली जबलपूरला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. पूलचं स्पर्धेचं टेबल 9 फुटी, बॉल मोठे, 57.15 मिलिमीटर व्यासाचे. स्नूकरचे 52.5. स्पर्धेच्या पूल टेबलावर कोपऱ्यातलं पॉकेट बॉलच्या जेमतेम दुप्पट रुंद असतं, स्नूकरचं त्याहून बरंच तंग.

पूल खेळणाऱ्यांना बिलियर्ड्स जुनाट वाटतं, आजोबांचा खेळ वाटतो. माझं मत नेमकं उलट आहे. पांढऱ्याची वाट ओळखायला शिकवणारा याच्याइतका चांगला खेळ दुसरा नाही, कारण यात पॉट हा गुण मिळवण्याच्या तीन मार्गांपैकी फक्त एक. उरलेले दोन, कॅनन आणि इन-ऑफ, पांढरा धडकेनंतर कुठे जाणार हे कळल्याशिवाय साधतच नाहीत. 1992 मध्ये गीत सेठी यांनी जागतिक व्यावसायिक स्पर्धेत सलग 1276 गुणांचा ब्रेक केला. एवढे गुण न चुकता करायचे तर बहुतेक वेळ तिन्ही बॉल वीतभर, हातभर हालचालींत एकमेकांजवळ खेळवत ठेवावे लागतात. त्यात धमाका नसतो, हिशेब असतो.

"कॅरम येतो, म्हणजे हे येणारच"

मराठी घरात हा समज अगदी स्वाभाविक. कॅरमने नजर तयार होते, रिबाउंडची जाण येते, हे खरं. पण स्ट्रायकर 15 ग्रॅमपर्यंत जड असतो आणि सोंगटी त्याच्या जवळपास एक तृतीयांश. त्यामुळे सोंगटीला सरळ धडकल्यावरही स्ट्रायकर पुढे सरकतो. पूल किंवा स्नूकरमध्ये दोन्ही बॉल सारख्याच वजनाचे. पांढरा फिरकी न घेता, नुसता घसरत जाऊन समोरच्या बॉलला बरोबर मधोमध लागला, तर आपला सगळा वेग त्याला देऊन जागच्या जागी थांबतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला जादूच वाटली होती.

दुसरा फरक त्याहून मोठा. स्ट्रायकर घसरतो, बॉल घसरतो आणि मग लोळायला लागतो. घसरत असताना बाजूने धडकला, म्हणजे ज्याला स्टन म्हणतात तसा, तर दोन्ही बॉलच्या वाटांमध्ये काटकोन होतो. पण लोळत आलेला पांढरा काटकोनात निघतो आणि लगेच पुढे वळतो. समोरचा अर्धा बॉल झाकला जाईल असा, म्हणजे हाफ बॉल, फटका घेतला तर समोरचा बॉल 30 अंशांनी एका बाजूला जातो आणि लोळता पांढरा आपल्या मूळ रेषेपासून दुसऱ्या बाजूला साधारण 34 अंशांनी. गंमत अशी, की पाव बॉलपासून पाऊण बॉलपर्यंत कुठेही लागला तरी पांढऱ्याचं हे वळण 30 अंशांच्या आसपासच राहतं. तर्जनी आणि मधलं बोट सैलसर फाकवा, साधारण तेवढाच कोन. एक बोट आपल्या फटक्याच्या रेषेत धरलं की पांढरा कुठे जाईल ते दुसरं बोट दाखवतं. इतकी साधी गोष्ट वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाही कोणी सांगितलेली नसते.

"जोरात मारला की जातोच"

हा सगळ्यात घातक समज. पॉकेटच्या कडेला लागलेला मंद बॉल डुगडुगत का होईना आत पडण्याची आशा असते. तोच वेगात आला तर दोन्ही जबड्यांवर आपटून बाहेर येतो. म्हणजे जोर वाढवला की पॉकेट लहान होतं. शिवाय जोर लावताना खांदा हलतो, डोकं उचललं जातं आणि क्यू सरळ जात नाही. आणि वेगाने गेलेला पांढरा दोन-तीन कुशन, म्हणजे टेबलाच्या रबरी कडा, घेऊन कुठे थांबेल, हे कोणालाच सांगता येत नाही.

मात्र मंद फटका सगळ्याच बाबतीत सोपा, असंही नाही. हळू आणि कापून मारलेल्या फटक्यात दोन बॉलमधलं घर्षण समोरच्या बॉलला किंचित ओढून नेतं आणि तो अपेक्षेपेक्षा जरा जाड, म्हणजे कमी कोनात, जातो. म्हणून वेग हा वेगळा शिकायचा विषय आहे, स्वयंपाकात मीठ शिकतात तसा, हाताने आणि चुकत चुकत.

स्क्रू, म्हणजे धडकेनंतर पांढरा मागे आणणं, यालाही ताकद लागते, असं मानतात. लागतो तो खालचा नेमका बिंदू, चॉक लावलेली टिप आणि पुढे मोकळी जाणारी क्यू. कापडाच्या घर्षणाने उलटी फिरकी वाटेतच विरत जाते. म्हणून जवळच्या बॉलवर हलका स्क्रू सहज होतो आणि लांबच्यावर जड जातो. मध्यबिंदूपासून अर्ध्या त्रिज्येपेक्षा लांब मारलं की टिप निसटते, मग हात कितीही बळकट असो. चॉक आहे ते या निसटण्याला अटकाव करण्यासाठी. ते हाताला फासायचं नाही, टिपेला लावायचं.

"साइड दिली की बॉल वळतो"

चित्रपटांतून, व्हिडिओंतून हे डोक्यात बसलेलं. क्यू आडवी, टेबलाला जवळपास समांतर असेल तर साइड दिलेला, म्हणजे मध्याच्या डावी-उजवीकडे मारलेला, पांढरा वळत नाही, उलट दिलेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेला किंचित ढकलला जाऊन निघतो. वळण दिसतं ते क्यूचा मागचा भाग उचलल्यावर. साइडचा खरा उपयोग कुशनवर. तिथे पोहोचल्यावर फिरकी कापड पकडते आणि बाहेर पडण्याचा कोन बदलते. 1835 मध्ये फ्रान्सच्या कोरिओलिसने बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खा ग्रंथ लिहिला, तोच कोरिओलिस, ज्याचं नाव आपण वाऱ्यांच्या दिशेच्या संदर्भात भूगोलात वाचलेलं असतं. पण नवशिक्याला त्या गणिताची गरज नाही. पहिले काही महिने साइड पूर्ण विसरा. मधोमध उभ्या रेषेवर वर, मध्ये आणि खाली एवढे तीनच बिंदू वापरले, तरी बहुतेक फटके निभतात.

"सराव म्हणजे एकच फटका शंभर वेळा"

इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण खेळाची गोडी टिकते किंवा मरते ती इथेच.

एकच फटका घोटत राहिलं की तासाभराने तो छान बसतो आणि आपण खूश होऊन घरी जातो. दुसऱ्या दिवशी तो कुठेतरी हरवलेला असतो. 1979 मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचाली शिकवण्याचा एक प्रयोग केला. एका गटाने प्रत्येक हालचाल सलग घोटली, दुसऱ्याने सगळ्या हालचाली मिसळून, उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी तपासलं तेव्हा मिसळून सराव केलेल्यांना जास्त आठवत होतं. फटक्यागणिक नव्याने विचार करावा लागतो, तो विचारच मनात मुरतो. टेबलावरही मी हेच पाहिलं आहे. आणि मिसळलेला सराव हा सहजच खेळासारखा होतो, त्यामुळे कंटाळाही येत नाही.

सुरुवात कागदापासून करा. वर्तमानपत्राचं एक पान टेबलावर कुठेही पसरा. एक सोपा बॉल पॉट करा आणि पांढरा त्या पानावर आणून थांबवा. जमलं की पानाची घडी घालून ते निम्मं करा, जागा बदला. चुकलं की एक घडी उलगडा. दोघं असाल तर आळीपाळीने, ज्याचं पान आधी हाताच्या पंजाएवढं होईल तो जिंकला, चहा दुसऱ्याने द्यायचा. अर्ध्या तासात वेग, स्टन, फॉलो (धडकेनंतर पांढरा पुढे नेणं), स्क्रू हे सगळं हातून होऊन जातं आणि आपण सराव करतोय हे लक्षातही राहत नाही.

दुसरा खेळ थांबण्याचा. समोरचा बॉल सरळ रेषेत ठेवून पॉट करायचा आणि पांढरा धडकेच्या जागीच थांबवायचा. दोन बॉलमधलं अंतर वीतभरापासून सुरू करून दर यशाला वीतभर वाढवायचं. अंतर वाढलं की पांढरा वाटेत लोळायला लागतो, म्हणून त्याला अधिकाधिक खाली मारावं लागतं. किती खाली, हे पुस्तक सांगू शकत नाही, कारण प्रत्येक टेबलाचं कापड वेगळं.

आणि माझा सगळ्यात आवडता, भुताबरोबरचा खेळ. पूल टेबलावर तीन बॉल कसेही पसरा, पांढरा हवा तिथे ठेवा आणि तिन्ही आकड्यांच्या क्रमाने घाला. तिन्ही गेले तर तुम्ही जिंकलात, एकही चुकला तर भूत जिंकलं. भूत कधीच चुकत नाही, म्हणून ते उत्तम प्रतिस्पर्धी. सात डाव आधी जिंकेल तो विजेता. तीन बॉलना सहज हरवायला लागलात की चार, मग पाच. वहीत तारीख आणि गुण लिहा. सहा महिन्यांनी मागची पानं चाळली की प्रगती डोळ्यांना दिसते. एकट्याने टेबलाशी उभं राहायचा कंटाळा येतो, ही तक्रारही भूत मिटवतं.

क्यू सरळ जातेय का, हे तपासायचा जुना उपाय अजूनही तितकाच खरा. स्नूकर टेबलावर तपकिरी बॉलच्या खुणेवरून पांढरा निळ्या, गुलाबी, काळ्याच्या खुणांवरून पलीकडच्या कुशनवर मारायचा. तो परत येऊन थेट तुमच्या टिपेला लागला, तर हात सरळ. डावी-उजवीकडे गेला, तर नकळत साइड लागतेय. रोज दहा फटके पुरेत.

बाकीचे समज लवकर मिटवतो. महागडी क्यू लागते? सुरुवातीला नाही. टिप चांगली आणि क्यू सरळ असली की पार्लरची क्यूही चालते. पुढे स्वतःची घ्यावी, ती सवयीसाठी, दिखाव्यासाठी नव्हे. चष्म्याने खेळता येत नाही? डेनिस टेलर 1985 मध्ये मोठ्या भिंगांचा, उलट्या दांड्यांचा दिसणारा चष्मा लावून शेवटच्या काळ्या बॉलवर स्नूकरचा जगज्जेता झाला. वय झालं? फ्रेड डेव्हिस 1980 मध्ये साठी ओलांडून बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. डोळे तेज असण्यापेक्षा ते स्थिर असणं महत्त्वाचं. 2002 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिसलं, की कसलेले बिलियर्ड्सपटू फटक्याआधी नजर लक्ष्यावर नवशिक्यांपेक्षा जास्त वेळ खिळवून ठेवतात. म्हणून घाई करू नका.

आणि शेवटचा, आई-वडिलांचा समज, की हा टवाळ मुलांचा खेळ. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले आणि कोणत्याही खेळात असं वैयक्तिक यश मिळवणारे स्वतंत्र भारतातले पहिले खेळाडू ठरले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी हाच किताब तीनदा जिंकला. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणींच्या नावावर पंचवीसहून जास्त जागतिक किताब आहेत. इतकी परंपरा आपल्या मातीत असताना मुलाला टेबलावर जाऊ देताना संकोच कशाला? त्याच्याबरोबर जा, जागा बघा, आणि जमलं तर स्वतःही एक क्यू उचला.

पुढच्या वेळी टेबलाशी गेलात की पहिली दहा मिनिटं गुण मोजू नका. वर्तमानपत्राचं एक पान सोबत न्या, आणि प्रत्येक फटक्यानंतर स्वतःलाच विचारा, पांढरा कुठे थांबला?