कुन्नूर : दोन पावसांच्या मधलें गांव

थंड हवेचें ठिकाण म्हटलें कीं महाराष्ट्रांतील कुटुंबांच्या डोळ्यांपुढें महाबळेश्वर उभें राहतें. उन्हाळ्यांत तेथें जावें, मृग लागण्यापूर्वीं परत यावें, आणि पुढें चार महिने तें गांव धुक्याच्या व पावसाच्या स्वाधीन करावें, हा आपल्याकडील परिपाठ. परंतु दक्षिणेस, तामिळनाडूंतील नीलगिरि पर्वताच्या पूर्व कडेवर एक लहानसें गांव असें आहे कीं, त्याचें पंचांगच निराळें. त्या गांवाचें नांव कुन्नूर. आपल्याकडे स्वातीच्या सरी ओसरल्या म्हणजे शेतकरी आभाळाकडे पाहावयाचें सोडतो. त्याच सुमारास कुन्नूरचा खरा पावसाळा भरांत आलेला असतो.

प्रथम तेथील गारव्याचा विचार करूं. दक्षिण म्हणजे उष्ण देश, अशी सामान्य समजूत असते, आणि सपाटीपुरती ती खरीही आहे. नीलगिरीच्या पायथ्याचें मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून सुमारें ३३० मीटरांवर आहे. कुन्नूर सुमारें १,८५० मीटरांवर. हवा वर चढूं लागली म्हणजे तिजवरील दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरतां पसरतां थंड होते. दर हजार मीटरांस साधारणपणें साडेसहा अंश उष्णता कमी होते, असा हिशेब आहे. म्हणजे या दीड हजार मीटरांच्या चढणींत उष्णतामान दहा अंशांनीं उतरतें. शिवाय हें गांव विषुववृत्तापासून अवघ्या अकरा अंशांवर असल्यामुळें सूर्य बाराही महिने डोक्यापासून फार दूर जात नाहीं. त्यामुळें उन्हाळा व हिंवाळा यांत उत्तरेकडील डोंगरांइतकें अंतर पडत नाहीं. दुपारीं सुती सदरा आणि रात्रीं लोकरीचें पांघरूण, हा तेथील जवळजवळ वर्षभराचा सरंजाम.

आतां पावसाची गोष्ट. जून महिन्यांत अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे नीलगिरीच्या पश्चिम अंगावर आदळतात. तेथें त्यांचें पाणी रितें होतें. त्यांतूनही जें उरतें, त्याच्या वाटेंत २,६३७ मीटर उंचीचें दोड्डबेट्टा शिखर व त्याची रांग आडवी येते. या भिंतीच्या पश्चिमेस उटी आहे आणि पूर्वेच्या उतारावर कुन्नूर. आगगाडीनें दोहोंतील अंतर एकोणीस किलोमीटरांचेंच. परंतु जुलैमध्यें उटीला छत्री मिटतां येत नाहीं, अशा दिवशींही कुन्नूरला पुष्कळदां ऊन पडलेलें असतें. ऑक्टोबरमध्यें वारे फिरतात. मग ते ईशान्येकडून, बंगालच्या उपसागराचें बाष्प घेऊन येतात, आणि आजवर आडोशास असलेलें कुन्नूर त्यांच्या तोंडाशीं येतें. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तेथील भर पावसाचे महिने. एकाच पर्वतावर शेजारीं नांदणाऱ्या दोन गांवांचे पावसाळे निरनिराळे, याचें कारण हें एवढेंच.

अशा हवेंत घराबाहेर पडण्याची हौस माणसास आपोआप लागते. येथें येण्याची वाटच मुळीं करमणुकीची आहे. मेट्टुपाळयम ते कुन्नूर ही डोंगरी आगगाडी १८९९ सालीं सुरू झाली आणि १९०८ मध्यें ती उटीपर्यंत पोहोंचली. कल्लारपासून पुढें चढ इतका तीव्र आहे कीं, दर बारा फुटांस सुमारें एक फूट उंची गांठावी लागते. नुसतीं चाकें तेथें घसरतील; म्हणून रुळांच्या मध्यें दांत्यांची पट्टी बसविली असून एंजिनाचें दांतेरी चक्र तींत अडकत वर चढतें. अठ्ठावीस किलोमीटरांस तीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तो फुकट गेला असें कोणी म्हणत नाहीं. २००५ सालीं युनेस्कोनें या मार्गास जागतिक वारशांत स्थान दिलें.

गांवांत सिम्स पार्क हें उद्यान आहे. जे. डी. सिम्स यांच्या पुढाकारानें १८७४ सालीं एका नैसर्गिक घळींत तें आकारास आलें. वरच्या दारानें शिरावें आणि वळणावळणांनीं तळ्यापर्यंत उतरावें, अशी त्याची रचना. मे महिन्यांत येथें फळांचें प्रदर्शन भरतें. पायांत बळ असेल त्यानें चहाच्या मळ्यांतून लॅम्ब्स रॉक किंवा डॉल्फिन्स नोज या कड्यांकडे जावें. आरोग्याच्या शास्त्राचीही या गांवाशीं जुनी ओळख आहे. श्वानदंशावरील उपचारांची पाश्चर संस्था येथें १९०७ सालीं उघडली. भारतीयांच्या आहाराचें जें संशोधन मॅककॅरिसन यांनीं पुढें नांवारूपास आणलें, त्याची प्रयोगशाळा १९५८ सालीं हैदराबादेस जाईपर्यंत येथेंच होती.

परंतु पाहुणा म्हणून आठ दिवस राहणें आणि घर करून राहणें यांत फरक आहे. येथें सपाट रस्ता दुर्मिळ. बाजारांतून पिशवी घेऊन घरीं यावयाचें तर चढण चुकत नाहीं. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांनीं हें आधींच ध्यानांत घ्यावें. संध्याकाळीं गवे मळ्यांतून उतरून थेट वस्तींत येतात, आणि ते जाईपर्यंत माणसानें उभें राहावयाचें असतें.

याहून मोठी चिंता त्याच ईशान्येच्या पावसाची. उतारावरील लाल माती खोल आहे. ती पाण्यानें तुडुंब भरली म्हणजे जड होते आणि तिची पकड सुटते. जुनें रान तोडलें, घरासाठीं उताराचा पाया कापला, ओढ्याच्या मुखावर भिंत घातली, म्हणजे पाण्यास वाट व मातीस आधार उरत नाहीं. नोव्हेंबर २००९ मध्यें कुन्नूरजवळील केट्टी येथें एका दिवसांत ८० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. त्या वेळीं नीलगिरींत जागोजाग दरडी कोसळून चाळिसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. यांतील पाऊस निसर्गाचा होता; परंतु कापलेले उतार माणसाच्या हातचे होते. सुट्टींत मोटारींची रीघ वाढली, तेव्हां मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानें मे २०२४ पासून नीलगिरींत येणाऱ्या वाहनांस आधीं परवाना घेणें आवश्यक ठरलें. गांवाच्या अंगीं किती भार सोसण्याची ताकद आहे, हा प्रश्न आतां असा उघडपणें पुढें आला आहे.

म्हणून निवृत्तीनंतर अशा गांवीं बिऱ्हाड करण्याचा विचार ज्यांच्या मनांत असेल, त्यांनीं मे महिन्यांतील फुलें पाहून निर्णय घेऊं नये. एकदां नोव्हेंबरांत तेथें जावें. घराच्या मागची माती कशी आहे, पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें जातें, आणि ती वाट कोणी अडविली आहे काय, हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. त्या महिन्यांत जें घर निश्चिंतपणें झोंप देईल, तेंच बाराही महिने सुखाचें ठरेल.