घाटाखालची मराठी, समुद्रापलीकडे

कुरवंडे घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. तिथल्या गावांवरून पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावणारे बेने इस्राएल ज्यू १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. कोकणात त्यांचा धर्म शेजाऱ्यांहून वेगळा होता, तरी घरची भाषा मराठीच. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या हगादा या वल्हांडणाच्या पोथीत हिब्रूशेजारी मराठी आहे. स्वधर्मीयांच्या देशात मात्र ती नव्या पिढ्यांत ओसरली, कारण शाळा, सैन्य, नोकरी सारे हिब्रूत. ‘मायबोली’सारखे नियतकालिक तिथे निघाले खरे, पण त्याचा वाचक घडवायला मराठी शाळा नव्हती. त्यांचा पोहे-खोबऱ्याचा मलिदा हा विधी अजून होतो, मग बिघडले काय, असे कोणी विचारेल. ओळख टिकते, हे मान्य; पण मराठी कीर्तन समजणारा श्रोता मलिद्याने तयार होत नाही. शाळा हेच उत्तर म्हणावे, तर मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवतात आणि मराठी घरांत बहुतेक क्रिओल चालते. घरची भाषाही सरकार बदलू शकते: सिंगापूरने १९७९ पासून मोहीम काढून चिनी कुटुंबांना मँडरिन बोलायला उद्युक्त केले. त्यात मागे पडल्या त्या होक्किएन आणि तेओच्यू या आजी-आजोबांच्या चिनी बोली. म्हणजे शाळा भाषा तगवू शकते, पण कोणती तगवायची, हे बहुधा सरकार ठरवते.