एकच वारा : गुलमर्गला हिम, वलगावला गारा

फाल्गुनातली एक दुपार डोळ्यांपुढे आणा. वलगावच्या शिवारात हरभऱ्याची सोंगणी झाली आहे. शेताशेतांत गंज्या लागल्या आहेत. गहू पिवळा पडला आहे. एका बागेत मृग बहाराची संत्री अजून झाडावर आहेत, तर शेजारच्या बागेत आंबिया बहाराची फुले गळून मिरीएवढी फळे नुकतीच धरली आहेत. सकाळपासून विलक्षण उकाडा आहे. तीनच्या सुमारास पश्चिमेकडून काळाभोर ढग चढत येतो, एकदम गार वारा सुटतो आणि पत्र्यांवर टणटण आवाज सुरू होतो. गारा! अंगणातील मुले टाळ्या पिटतात. घरातील मोठी माणसे मात्र एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पाच-दहा मिनिटांत वर्षाची मेहनत मातीत जाऊ शकते, हे त्यांना ठाऊक असते.

अमरावतीजवळ पेढी नदीच्या काठी हे वलगाव आहे. येथून उत्तरेला सरळ रेषेत सुमारे १,४८० कि. मी. अंतरावर काश्मीरमधील गुलमर्ग आहे. तेथेही याच दिवसांत माणसे आकाशाकडे डोळे लावून बसलेली असतात. पण ती ढग यावा म्हणून! ढग आला तर हिम पडेल आणि हंगाम संपता संपता बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, आणखी काही दिवस खेळता येईल.

गंमत अशी, की वलगावला नको असलेला आणि गुलमर्गला हवा असलेला हा पाहुणा पुष्कळदा एकाच घरचा असतो. तो कोण, ते आता पाहू.

पश्चिमेकडून येणारा पाहुणा

हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार झोत वाहत असतो. त्याचा वेग कित्येकदा ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक असतो. हा झोत सरळ रेषेत वाहत नाही. नदीसारखी वळणे घेतो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरात निर्माण झालेले कमी दाबाचे प्रदेश या झोताबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांना ‘पश्चिमी प्रक्षोभ’ म्हणतात.

हिमालयाच्या भिंतीवर ही बाष्पयुक्त हवा आदळते, वर चढते, थंड होते आणि तेथे हिमवर्षाव होतो. पंजाबच्या गव्हाला थंडीत मिळणारा पाऊसही याच प्रक्षोभांचा. बहुतेक प्रक्षोभ उत्तरेकडूनच निघून जातात. परंतु कधी कधी झोताचे वळण दक्षिणेकडे खोल उतरते आणि त्याची थंड, कोरडी हवा थेट मध्य भारताच्या डोक्यावर येते. त्याच वेळी खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे येत असले आणि फाल्गुनाच्या उन्हाने जमीन तापलेली असली, तर काय होईल? खाली उबदार, दमट, हलकी हवा आणि वर थंड हवा! अशी रचना टिकत नाही. खालची हवा वेगाने वर उसळते आणि बारा-तेरा किलोमीटर उंचीचे गडगडाटी मेघ तयार होतात. गारांचा कारखाना तो हाच.

हिम वेगळे, गार वेगळी

आपण बोलताना सगळ्यालाच ‘बर्फ’ म्हणतो. पण दोहोंचा जन्म वेगळा आहे. घरातील फ्रीज उघडून पाहा. साच्यातील पाणी गोठून झालेला तो बर्फ. जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या भिंतीवर जो पांढरा, भुसभुशीत थर साचतो, तो मात्र हवेतील बाष्प पाणी न होताच गोठल्यामुळे झालेला असतो. हिमही असेच. ढगात बाष्पापासून सावकाश वाढणारे हे षटकोनी स्फटिक असतात. अमेरिकेतील विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये हिमस्फटिकाचे सूक्ष्मदर्शकातून पहिले यशस्वी छायाचित्र घेतले आणि जन्मभरात असे पाच हजारांहून अधिक स्फटिक टिपले. जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेतच हिमस्फटिक वाढवून दाखविला. तापमान आणि बाष्पाचे प्रमाण बदलले की स्फटिकाचा आकार कसा बदलतो, हे त्यांच्या प्रयोगांतून उमगले.

गारेची जात निराळी. गडगडाटी मेघात शून्य अंशाच्या खालीही पाण्याचे असंख्य थेंब द्रवरूपच राहिलेले असतात. त्यांना अतिशीत जल म्हणतात. एखाद्या बर्फकणावर हे थेंब आदळले की लगेच गोठतात आणि कण वाढू लागतो. वर चढणारा वारा त्याला तोलून धरतो. पाणी सावकाश गोठले तर पारदर्शक थर बसतो. झटकन गोठले तर हवेचे बुडबुडे अडकून दुधी थर बसतो. गारेतील वर्तुळे ती ही. जितकी वर्तुळे तितक्या वेळा गार वरखाली झाली, असे पूर्वी सांगत असत. ते सर्वस्वी खरे नाही. ढगाच्या निरनिराळ्या भागांतून एकाच फेरीत जातानाही असे थर बसू शकतात.

वलगावला हिम का पडत नाही?

आता थोडे गणित करू. वर जावे तसे तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सें.ने उतरते. वलगावला हवा २७ अंश असेल, तर जमिनीपासून सुमारे चार किलोमीटरवर ती शून्य अंशावर येईल. त्याच्या वर ढगात हिमस्फटिक असतातच! म्हणजे वलगावच्या आकाशातही हिम असते. ते जमिनीवर मात्र पोचत नाही.

का? हिमाचा पापुद्रा सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने तरंगत उतरतो. चार हजार मीटर उतरायला त्याला तासाहून अधिक वेळ हवा. उबदार हवेत शिरल्यावर काही शे मीटरांतच तो वितळून पावसाचा थेंब होतो. बोराएवढी, दोन सेंटिमीटर व्यासाची गार मात्र ताशी सुमारे ४० कि. मी., म्हणजे सेकंदाला ११ मीटर वेगाने येते. तिला तेच अंतर कापायला सहा मिनिटे पुरतात. शिवाय एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. ती एवढ्या थोड्या वेळात हवेतून कोठून मिळणार? म्हणून गार थोडी झिजते, पण जमीन गाठते.

गुलमर्ग स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर, ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. प्रक्षोभाच्या दिवशी तेथे मार्चमध्येही हवा शून्याच्या आसपास असते. हिमाला वितळायला वेळच मिळत नाही.

उशिरा आलेले हिम

२०२५ सालची गोष्ट पाहा. गुलमर्ग येथील खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा २२ फेब्रुवारीपासून व्हायच्या होत्या. पण उतारांवर पुरेसे हिमच नव्हते! स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस पश्चिमी प्रक्षोभ आला, उतार पांढरे झाले आणि ९ ते १२ मार्च या दिवसांत स्पर्धा पार पडल्या.

स्कीवर माणूस बुडत का नाही? साठ किलो वजनाच्या माणसाचे दोन्ही तळवे मिळून सुमारे ४०० चौ. सें. मी. भरतात, म्हणजे दर चौ. सें. मी.ला १५० ग्रॅम भार. दोन्ही स्कींचे क्षेत्रफळ अडीच हजार चौ. सें. मी. धरले, तर भार २४ ग्रॅमवर येतो. घसरण्याचे कारण म्हणून ‘दाबाने बर्फ वितळतो’ असे सांगितले जाई. एवढ्याशा दाबाने ते शक्य नाही. घर्षणाच्या उष्णतेने तयार होणारा पाण्याचा अतिशय पातळ थर आणि बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणूंची सैल बांधणी, ही खरी कारणे होत.

वसंतातील हिम दिवसा वितळते, रात्री पुन्हा गोठते. असे अनेकदा झाले की स्फटिकांचे ज्वारीच्या दाण्यांसारखे टपोरे कण बनतात. पहाटे हा थर दगडासारखा कठीण असतो, उन्हे चढली की वरचा पापुद्रा मऊ होऊन स्की छान चालते, आणि दुपारी सगळा चिखल होतो. हंगामाच्या शेवटी खेळाडूंना मिळतात ते मधले थोडे तास.

यात धोकाही आहे. जुन्या, कठीण थरावर अचानक नवे हिम भरपूर साचले, की ते नीट चिकटत नाही आणि सबंध उतारच घसरू शकतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. गुलमर्गला ज्या दिवसांत हिम मिळाले, त्याच दिवसांत, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, उत्तराखंडातील माणा गावाजवळ रस्तेबांधणी कामगारांची छावणी हिमाखाली गाडली गेली. आठ कामगार मृत्युमुखी पडले.

लिंबाएवढी गार

आता वलगावकडे परत येऊ. गारेचा व्यास दुप्पट झाला, तर वस्तुमान आठपट होते. पडण्याच्या वेगाचा वर्ग साधारण व्यासाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट. गतिज ऊर्जा या दोहोंच्या गुणाकाराने वाढते. बोराएवढ्या गारेपेक्षा लिंबाएवढ्या गारेचा तडाखा सोळापट! ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबादेजवळ झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली. जगात गारपिटीने झालेल्या मृत्यूंचा हा नोंदलेला उच्चांक आहे.

महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यामागून आठवडे गारपीट होत राहिली आणि लाखो हेक्टरांवरील पिके गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्याला पुन्हा तडाखा बसला. हरभरा आणि गहू यांचे नुकसान त्या वर्षापुरते असते. संत्र्याचे तसे नाही. गारांनी साल फाटली की त्या जखमांतून बुरशी शिरते आणि झाडच खचते. म्हणूनच गारपिटीनंतर मोडलेल्या फांद्या छाटून जखमांना बोर्डो मलम लावण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात.

गारपीट थांबविण्याचा खात्रीचा उपाय आज तरी नाही. पण आधी कळणे शक्य आहे. पश्चिमी प्रक्षोभ काही दिवस वाटेत असतो आणि उपग्रहांच्या छायाचित्रांत तो दिसतो. त्यामुळे भारतीय हवामान खाते जिल्ह्यांना आधी इशारा देऊ शकते. नेमका कोणत्या गावावर ढग फुटेल, ते मात्र दोन-तीन तास आधी, रडारवरूनच समजते. एवढ्या अवधीत उभा गहू वाचत नाही. हरभऱ्याची गंजी ताडपत्रीखाली झाकता येते आणि जनावरे गोठ्यात आणता येतात. विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ हे अ‍ॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. घरातील मोबाइलवर ते आहे ना, पाहून घ्या.

करून पाहा

गारपीट झाली, तर शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाऊ द्या. मगच बाहेर पडा. गारा वेचून थर्मासमध्ये किंवा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. एक गार कोमट स्टीलच्या ताटलीवर दाबून अर्धी वितळू द्या. उरलेला अर्धा भाग उजेडासमोर धरला की पारदर्शक आणि दुधी थर दिसतील. दहा गारांचे व्यास पट्टीने मोजा. मग त्या मोजपात्रात वितळवा. जितके मिलिलिटर पाणी, तितके ग्रॅम वजन. दिनांक, वेळ, गारपीट किती मिनिटे झाली, हेही वहीत लिहा. गारपीट इतक्या लहान भागात होते, की पुष्कळदा ती कोणत्याच वेधशाळेच्या नोंदीत येत नाही. तुमच्या वहीत मात्र ती येईल.

आणि त्या दिवशीच्या बातम्यांत काश्मीरचे हवामान अवश्य पाहा. तेथे हिम पडल्याचे दिसले, तर वलगावच्या अंगणातील गार कोठल्या वाऱ्याने आली, ते तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही.