तारेखालचा हिरडीद्रव काय सांगतो?

दातांना तार बसविलेली मुलेमुली आता तालुक्याच्या गावीही आपल्या दवाखान्यात येतात. तार परभणीच्या सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालयात बसविलेली असो वा अन्यत्र, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात दात ठणकला की जिंतूर-गंगाखेडचा रुग्ण प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषध दुकानात जातो. म्हणून तारेखाली काय घडते, हे आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

चरकाचार्यांनी ३६० अस्थी मोजताना ३२ दात आणि ३२ दंतोलूखले वेगवेगळी गणली आहेत. हा भेद येथे उपयोगी पडतो. दात सरकतो तो त्याचे उलूखल नव्याने घडते म्हणून. दाबाच्या बाजूस अस्थीचा क्षय होतो, ताणाच्या बाजूस नवी अस्थी निर्माण होते. १९०४ मध्ये सँडस्टेड यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून हे दाखविले.

या घडामोडींची वार्ता हिरडीद्रवात उमटते. दात व हिरडी यांमधील खाचेत हा द्रव अत्यल्प, मायक्रोलिटरमध्ये मोजावा इतका असतो. कागदाच्या बारीक पट्टीने तो टिपतात. १९९६ मध्ये उएमात्सु व सहकाऱ्यांना, दातावर बल लावल्यानंतर २४ तासांनी त्यात इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ व टीएनएफ-अल्फा वाढलेले आढळले. अस्थिक्षयास चालना देणारे रँकल आणि त्यास आवर घालणारे ओपीजी यांचे प्रमाणही पुढे अभ्यासले गेले.

यातून व्यवहारासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, तार आवळल्यानंतर दोन-तीन दिवसांची वेदना हा त्या प्रक्रियेचाच भाग आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा औषधांनी दाताची गती मंदावल्याचे दिसले आहे. म्हणून ती दिवसेंदिवस देत राहू नये. गरज भासल्यास योग्य मात्रेत पॅरासिटामॉल बरे. औषध विक्रेत्या बंधूंनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

दुसरी, इंटरल्युकिन-१ बीटा हिरडीच्या रोगातही वाढते. त्यामुळे रक्तस्राव म्हणजे दात सरकत असल्याची खूण, असा समज घातक आहे. बहुधा तो तारेभोवती साचलेल्या मळाचा परिणाम असतो. पू, वाढती सूज किंवा न शमणारी वेदना दिसल्यास रुग्णास विनाविलंब दंतवैद्याकडे पाठवावे.

त्रिफळा क्वाथाचा कवल मुखशुद्धीस साहाय्यक आहे. मात्र तो ब्रशची जागा घेत नाही. मशेरी व खरखरीत दंतमंजन वर्ज्य करावे. आपल्या औषधाने दात लवकर सरकतात, असे मात्र रुग्णास सांगू नये. तसा दावा करण्याजोगा आधार आज आपल्या हाती नाही. उलूखल घडण्यास वेळ लागतो, तो त्यास मिळू द्यावा आणि तोवर हिरडी निरोगी राखावी, हेच आपले काम.