पाणी मुरतं तरी कुठं?

तुमच्या घरी किंवा शेजारी इंटरनेटची जोडणी असेलच. बिलावर छापलेलं असतं, 'वेग १०० एमबीपीएसपर्यंत'. तुम्ही अभ्यासाचा ३०० एमबीचा व्हिडिओ उतरवायला घेता. मनात गणित करता, ३०० भागिले १००, म्हणजे ३ सेकंद! प्रत्यक्षात अर्धं मिनिट सहज जातं, कधी दोन मिनिटंसुद्धा. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, "कुठंतरी पाणी मुरतंय!" चला, ते शोधू या.

पहिली गंमत मापाची. ९६ केळी सुटी मोजा, नाहीतर ८ डझन म्हणा, केळी तेवढीच. इथंही तसंच आहे. बिलावरचा वेग 'मेगाबिट'मध्ये असतो आणि व्हिडिओचं आकारमान 'मेगाबाइट'मध्ये. ८ बिट मिळून होतो १ बाइट. म्हणून १०० ला ८ ने भागा. उत्तर आलं साडेबारा. म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. आता ३०० भागिले साडेबारा करा. २४ सेकंद! यात कुणी फसवलं नाही बरं का, मापंच वेगवेगळी.

पण दोन मिनिटं का लागतात? बिलावरचा 'पर्यंत' हा शब्द पुन्हा वाचा. शिरूर-दौंडच्या मुलांना तो चटकन कळेल. शिरूर तालुक्यात चासकमानच्या कालव्याचं पाणी येतं, दौंडला खडकवासल्याचं. आवर्तन सुटलं आणि सगळ्यांनी एकदम दारं धरली, तर शेवटच्या शेताला पाणी पोचतं का? इंटरनेटची मोठी तारही अशीच पुष्कळ घरांत वाटली जाते. रात्री आठ-नऊला सगळे एकदम सिनेमे लावून बसले, की प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेग येतो.

घरात आल्यावरही वाटण्या होतातच. दादाचा मोबाइल, आईची मालिका, तुमचा व्हिडिओ. शिवाय वायफायच्या लहरी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण जाड भिंतीपुढं लवकर थकतात. २.४ च्या लहरी लांब जातात, पण वेग कमी. राउटर लोखंडी कपाटामागे ठेवला, तर मग विचारायलाच नको!

जुन्या काळाशी ताडून पाहू. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. टेलिफोनच्या तारेवरून पुढं जास्तीत जास्त वेग मिळाला सेकंदाला ५६ किलोबिट. त्या वेगानं आपला ३०० एमबीचा व्हिडिओ उतरायला सुमारे बारा तास लागले असते! २००४ च्या सरकारी धोरणात किमान २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटलं गेलं. २०२३ पासून ती किमान मर्यादा २ मेगाबिट झाली.

आता तुमचं काम. वेग मोजून दाखवणारी मोफत साधनं मोबाइलवर मिळतात. सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ९ वाजता वेग मोजा. आधी राउटरजवळ, मग मागच्या खोलीत. असं आठवडाभर वहीत लिहा. मोजताना घरातल्या इतरांना दोन मिनिटं थांबायला सांगा.

राउटरजवळ वेग चांगला, पण मागच्या खोलीत कमी? मग दोष भिंतीचा. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवून पाहा. फक्त रात्रीच कमी? मग गर्दीचा. संगणक तारेनं थेट राउटरला जोडूनही सकाळ-संध्याकाळ वेग कमीच येतो? मग मात्र वही घेऊन बाबांसोबत तक्रार करा. नुसतं "नेट हळू आहे" म्हणण्यापेक्षा आकडे दाखवले, की बोलण्याला वजन येतं.

२०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा कितीतरी मुलांचा वर्ग मोबाइलवरच भरत होता. वेग कमी पडला, की बाईंचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. म्हणून वेग ही चैन नव्हे. पण घरचे महागडी योजना घ्यायला निघाले, तर त्यांना म्हणा, "थांबा, आधी मोजू या!" कदाचित कपाटामागचा राउटर हलवूनच काम भागेल आणि दर महिन्याचे पैसेही वाचतील.