शुभेच्छांच्या पानांमागचा जॅक बेनी

तीस आणि चाळीसच्या दशकांत रविवारची संध्याकाळ झाली की अमेरिकेतली लाखो घरं रेडिओभोवती जमत आणि जॅक बेनीचा कार्यक्रम ऐकत. त्याने उभं केलेलं पात्र पक्कं कवडीचुंबक होतं. ते व्हायोलिन बेसूर वाजवायचं आणि वय विचारलं की वर्षानुवर्षं 39च सांगायचं. प्रत्यक्षातला बेनी उदार होता आणि सोबतच्या कलाकारांना जपणारा होता. बहुतेक विनोदवीर दुसऱ्याची टर उडवत, तर बेनी स्वतःची टर उडवून घेई आणि हशा सहकाऱ्यांच्या पदरात टाकी.

अशा कलावंताचं त्याच्या काळातलं स्थान समजून घ्यायचं तर अभ्यासक वळतात करमणूक व्यवसायाच्या नियतकालिकांकडे. ‘बिलबोर्ड’ 1894 सालचं, ‘व्हरायटी’ 1905 सालचं, ‘ब्रॉडकास्टिंग’ 1931 सालचं आणि ‘रेडिओ डेली’ 1937 सालचं. ही पत्रं सामान्य श्रोत्यांसाठी नव्हती. नाट्यगृहाचे मालक, एजंट, रेडिओ केंद्रांचे व्यवस्थापक आणि जाहिरातदार ती वाचत. एखाद्या लोकप्रिय कलाकाराची अमुक वर्षं पूर्ण झाली की त्यांत गौरवाचा मजकूर येई आणि त्याच्या आजूबाजूला अभिनंदनाच्या जाहिराती येत. आपल्याकडच्या गौरवांकांत ‘शुभेच्छुक’ म्हणून पानंच्या पानं असतात, तसाच हा प्रकार.

ही पानं वरवरच्या स्तुतीची म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण शुभेच्छा विकत घेतलेली असली तरी ती कोणी आणि कधी घेतली, ही माहिती अस्सल असते. ‘व्हरायटी’चा जन्मच या पैशांच्या नात्यातून झाला. साइम सिल्व्हरमन हा न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राचा समीक्षक. त्याने एका नाट्यप्रयोगावर कडक लिहिलं. त्या कलाकारांनी त्याच वृत्तपत्रात जाहिरात दिलेली होती, त्यामुळे त्याची नोकरी गेली. मग त्याने सासऱ्यांकडून पैसे उसने घेऊन स्वतःचं साप्ताहिक काढलं. जाहिरात आणि मत यांच्यातली ओढाताण या व्यवसायात पहिल्या दिवसापासून आहे. म्हणून गौरवाचं पान वाचताना स्तुती आणि जाहिरात, दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

पहिली अडचण नावाची. 1912च्या अंकांत ‘जॅक बेनी’ शोधला तर हाती काहीच लागणार नाही. 1894 साली शिकागोत जन्मलेल्या आणि वॉकीगन गावात वाढलेल्या या मुलाचं खरं नाव बेंजामिन कुबेल्स्की. कोरा सॅलिस्बरी या पियानोवादिकेबरोबर तो व्होडविलच्या, म्हणजे विविध करमणुकीच्या छोट्या प्रयोगांच्या, रंगमंचावर व्हायोलिन वाजवू लागला, तेव्हा यान कुबेलिक या नामवंत व्हायोलिनवादकाच्या नावाशी घोटाळा होतो अशी तक्रार आली. मग तो ‘बेन के. बेनी’ झाला. पुढे बेन बर्नी या वाद्यवृंदप्रमुखाशी नावाचं साम्य अडचणीचं ठरलं आणि ‘जॅक बेनी’ जन्माला आला. सॅलिस्बरीनंतर लायमन वुड्स त्याचा जोडीदार झाला. म्हणजे त्याची उमेदवारीची वर्षं ‘सॅलिस्बरी अँड बेनी’, ‘बेनी अँड वुड्स’ अशा जोडनावांखाली दडलेली आहेत. त्यात जुन्या पानांवर बारीक टायपाचे अरुंद स्तंभ. संगणक ते वाचताना अक्षरं चुकवतो. त्यामुळे शोधयंत्राला काही सापडलं नाही, तरी पानं उलटून डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नसतो.

दुसरी गोष्ट तारखांची. 1941च्या मे महिन्यात एनबीसी या रेडिओ कंपनीने बेनीची रेडिओवरची दहा वर्षं साजरी केली आणि रविवारी सायंकाळी सातची वेळ त्याच्या नावावर कायमची करून दिली. पण कॅनडा ड्राय या शीतपेय कंपनीसाठी त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला होता 2 मे 1932 रोजी. म्हणजे भरलेली वर्षं नऊच. गौरवाची तारीख कालगणनेपेक्षा व्यवसायाच्या सोयीवर ठरते. त्यामुळे एखादं वर्ष गौरवाच्या मजकुरातून उचलायचं, तर ते त्या-त्या आठवड्याच्या बातमीशी ताडून पाहायलाच हवं.

तिसरी आणि सगळ्यांत बोलकी गोष्ट म्हणजे पैसे कोणी मोजले. बेनीच्या कार्यक्रमाचे प्रायोजक क्रमाने मांडले की अमेरिकेचा इतिहास उलगडतो: कॅनडा ड्राय, शेव्हरोले, जनरल टायर, जेल-ओ, ग्रेप-नट्स आणि शेवटी लकी स्ट्राइक सिगारेट. जेल-ओ हे जेली बनवायचं गोड चूर्ण. बेनीमुळे त्याचा खप प्रचंड वाढला. मग महायुद्धात साखरेवर नियंत्रण आलं, मागणी पुरवता येईना, आणि 1942 साली त्याच मालकांनी बेनीला ग्रेप-नट्स या न्याहारीच्या धान्याकडे वळवलं. जाहिरातीतलं उत्पादन बदललं, एवढीच खूण पानावर दिसते. ती टिपली तर रेशनिंगपर्यंत वाट निघते. 2 जानेवारी 1949 रोजी बेनी एनबीसी सोडून सीबीएस या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला, तोही रविवारी सातच्याच वेळेला. कायमची दिलेली वेळ आठ वर्षंही त्या घरात टिकली नाही. सीबीएसने त्याची कंपनीच विकत घेतली, कारण विक्रीच्या नफ्यावरचा कर पगारावरच्या करापेक्षा बराच कमी होता. 1941चं कौतुक आणि 1949चा व्यवहार शेजारी ठेवले की त्या कौतुकाचं मोल नीट कळतं.

आता एक विनोद जवळून पाहू. 28 मार्च 1948च्या भागात रस्त्यावरचा लुटारू बेनीला पैसे किंवा प्राण यांतलं एक निवडायला सांगतो. बेनी गप्प. हशा येतो. लुटारू चिडून पुन्हा विचारतो, तेव्हा बेनी सांगतो की मी विचार करतोय. हा रेडिओवरचा सर्वांत लांबलेला हशा होता आणि तो मिनिटांच्या हिशेबात चालला, अशी आख्यायिका आहे. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात हशा सेकंदांत मोजण्याइतकाच आहे. दंतकथेला कानांनी तपासता येतं, ते असं.

पण त्याहून मोलाची आहे त्या विनोदाची जन्मकथा. मिल्ट जोसेफ्सबर्ग आणि जॉन टॅकबेरी हे दोन लेखक लिहायला बसले होते. लुटारूची मागणी सुचली, पुढचं काही सुचेना. टॅकबेरी बराच वेळ गप्प राहिला. जोसेफ्सबर्ग वैतागला, तेव्हा टॅकबेरी म्हणाला की मी विचार करतोय. पुढची ओळ हातात आली! जोसेफ्सबर्गनेच पुढे ही हकिकत लिहून ठेवली. शब्द लेखकांचे होते. शांतता ताणायची कुठवर, ही जाण बेनीची. गौरवाच्या पानावर श्रेय एकाच्या नावे जमा होतं, म्हणून तिथे कोण नाही हेही बघावं लागतं. बेनीचा पहिला लेखक हॅरी कॉन 1936 साली कटुता घेऊन बाहेर पडला. त्यानंतरच्या कौतुकात त्याला किती जागा मिळते? कार्यक्रमात बेनीचा नोकर रॉचेस्टर याची भूमिका करणारा एडी अँडरसन हा राष्ट्रीय रेडिओवर नियमित काम मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंतांपैकी एक. कार्यक्रमातले कित्येक हशे त्याच्या वाट्याला येत. गौरवाच्या छायाचित्रांत तो कुठे उभा आहे, की नाहीच?

या प्रश्नांची उत्तरं शोधणं आज पूर्वीइतकं कठीण नाही. ‘मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी’ने अशा नियतकालिकांची लाखो पानं सर्वांसाठी खुली केली आहेत, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात घडलेलं ‘लँटर्न’ हे शोधयंत्र 2013पासून त्यांत शोध घेऊ देतं. बेनीची कागदपत्रं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आणि वायोमिंग विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत. कॅथरीन फुलर-सीली यांनी अशाच साधनांवर बेनीचा अभ्यास उभा करून 2017 साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

एक काळजी मात्र उरते. जुन्या काळी कित्येक ग्रंथालयांनी अंक बांधून घेताना जाहिरातींची पानं निरुपयोगी समजून काढून टाकली. गौरवाचा लेख जपला गेला आणि शुभेच्छुक रद्दीत गेले. लेख सांगतो की कलाकार थोर होता. जाहिराती सांगतात की त्याच्या थोरपणावर कोणाकोणाचं पोट चालत होतं. विनोदवीराचं खरं चरित्र लिहायला दोन्ही लागतात. म्हणून असे अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, शेवटच्या चौकटीतल्या जाहिरातीसकट, जसेच्या तसे जपायला हवेत.