बेडकाची साद व नष्ट पक्ष्याचे गान

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त मंडूकांचे आहे. गुरूमागून शिष्याने पाठ म्हणावा, तसा एक बेडूक दुसऱ्यामागून शब्द करतो, असे ऋषीने त्यात वर्णिले आहे. उपमा सुंदर आहे. परंतु आवाजाचा वारसा पुढील पिढीकडे कसा जातो, एवढेच पाहिले, तर ती बेडकापेक्षा गायक पक्ष्याला अधिक शोभते.

कराडलगतच्या मलकापूरसारख्या गावी पहिला मोठा पाऊस होताच मोठा भारतीय बेडूक ‘डराव डराव’ करू लागतो. विणीच्या काळात नराचा रंग पिवळा होतो व गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून तो मादीला साद घालतो. ही साद त्याला कोणी शिकविलेली नसते. ती उपजत असते. पावशाचेही तसेच. सातभाईच्या घरट्यात वाढूनही तो ‘पेरते व्हा’ असेच ओरडतो.

गायक पक्ष्यांचे पिल्लू मात्र जातीतील प्रौढांचे गान ऐकते, अडखळत त्याचा सराव करते व मग गाऊ लागते. लहान मुलाच्या भाषाग्रहणाशी याचे साम्य उघड आहे.

१९८७ साली भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. तोवर या बेडकाची फार मोठी हत्या झाली होती. तरी जेथे बेडूक उरला, तेथे त्याची सादही उरली. त्याच वर्षी हवाई द्वीपसमूहातील कावाई बेटावर ‘ओओ’ या गायक पक्ष्याचा आवाज शेवटचा ऐकू आला. त्याचे नावही त्याच्या आवाजावरूनच पडलेले. डासांनी पसरविलेला हिवताप, उंदीर व जंगलाचा ऱ्हास यांमुळे तो नाहीसा झाला. २०२३ साली अमेरिकी शासनाने त्याला नष्ट जातींत गणले. त्याचे गान आज ध्वनिमुद्रणात आहे. शिकणारा कोणी नाही.

गान पक्ष्याच्या आधीही नष्ट होऊ शकते. ऑस्ट्रेलियातील दुर्मिळ ‘रीजंट हनीईटर’ पक्ष्यावरील २०२१ च्या अभ्यासात सुमारे १२ टक्के नर केवळ परजातींची गाणी गाताना आढळले. शिकविण्याजोगे प्रौढच विरळ झाले होते. म्हणून बेडकाचे तळे राखले, तर त्याची साद राहते. गायक पक्ष्याचे रान राखून भागत नाही, गाणाऱ्या व ऐकणाऱ्या पिढ्या एकत्र नांदाव्या लागतात. भाषेचेही याहून निराळे नाही.